ओईई वाढली, काइझेनचे कागद वाढले, मग डिस्पॅच तिथंच का?

आरंभशूर

मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

सुट्या भागांचा कारखाना आहे, शाफ्टसारखे गोल जॉब. सीएनसी टर्निंग, मिलिंग, हीट ट्रीटमेंट, ग्राइंडिंग (फिरत्या चाकानं घासून नेमकं माप आणणं), धुणं-तपासणी आणि डिस्पॅच, असा मालाचा सरळ प्रवास. गेल्या वर्षी वरून फर्मान आलं की सतत सुधारणेचा कार्यक्रम राबवायचा. ५एस (जागा आवरून-सावरून ठेवायची शिस्त) झालं, जमिनीवर पिवळे पट्टे मारले, सूचनापेटी आली, माणशी महिन्याला २ काइझेनचं, म्हणजे छोट्या सुधारणांचं, टार्गेट आलं. सगळ्यात जास्त मशिन्स टर्निंगला, म्हणून जोर तिथंच लावला. टर्निंगची ओईई (मशीनच्या वेळेचा खरा उपयोग किती झाला ते सांगणारं माप) ५८ वरून ७१ टक्क्यांवर गेली. आकडा फुगवलेला नाही, पाळीच्या नोंदी मी स्वतः ताडून पाहिल्यात.

पण पूर्वी दिवसाला सरासरी ४०० जॉब बाहेर पडायचे, आजही ४००च पडतात. वर ग्राहक म्हणतो, तुमचा माल हल्ली जास्तच उशिरा येतो. साहेबांना तक्ते दाखवले की ते खूश, आणि डिस्पॅचवाला मला बघून तोंड फिरवतो. घोडं नेमकं कुठं अडलंय?

वर्नियर

ग्राइंडिंगसमोर किती माल पडून आहे?

आरंभशूर

वर्नियरताई, बरोब्बर बोट ठेवलंत. पूर्वी कारखानाभर अर्धवट माल धरून साधारण ४,००० नग असायचे. आता ६,००० च्या आसपास आहेत आणि निम्म्याहून जास्त ग्राइंडिंगच्या अलीकडे. ट्रॉल्या कमी पडल्या म्हणून नवीन मागवल्या. (ट्रॉल्यांची ती खरेदी काइझेन म्हणून नोंदवली गेली आहे, हे जाता जाता सांगतो.)

रांगेतला

मग उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम आहे: व्यवस्थेतला एकूण माल भागिले रोज बाहेर पडणारा माल, म्हणजे एका नगाला आत घालवावा लागणारा सरासरी वेळ. ४,००० भागिले ४०० म्हणजे १० दिवस. ६,००० भागिले ४०० म्हणजे १५ दिवस. टर्निंग सुधारल्यामुळे माल ५ दिवस उशिरा जायला लागला. ग्राहक खोटं बोलत नाहीये.

अडणाऱ्या जागेचा सिद्धांत मांडणारे एलियाहू गोल्डरॅट आयुष्यभर हेच सांगत राहिले. साखळीत एकच जागा एकूण वेग ठरवते. तिथं वाचलेला तास हा पूर्ण कारखान्याचा तास. बाकी कुठं तास वाचवला तर तिथलं मशीन तेवढा वेळ रिकामं राहणार, नाहीतर नुसता ढीग वाढवणार. तुम्ही ढीग वाढवलात.

यातला कटू भाग आधीच सांगून ठेवतो. ग्राइंडिंग सुटेपर्यंत टर्निंग मुद्दाम थांबवावं लागेल, म्हणजे ती ७१ टक्के ओईई खाली येईल.

आरंभशूर

खाली?! माझं वार्षिक मूल्यमापन त्याच आकड्यावर आहे हो.

धूळखात

धागा आत्ता रंगात आला. वाचतोय.

स्पॅनर

मेंटेनन्सवाल्याचे दोन शब्द. ओईईला उगाच शिव्या देऊ नका. मापन वाईट नाही, ते लावलंय चुकीच्या जागी.

ज्यांना हिशेब माहीत नाही त्यांच्यासाठी: पाळीत नियोजित ४५० मिनिटं धरा. ब्रेकडाउन आणि सेटिंगमध्ये (पुढच्या जॉबसाठी मशीन जुळवण्यात) ६० गेली, मशीन ३९० मिनिटं चाललं. उपलब्धता ८६.७ टक्के. एका जॉबचा आदर्श वेळ १ मिनिट असताना निघाले ३२० जॉब, म्हणजे वेग ८२ टक्के. त्यातले १० रिजेक्ट, म्हणजे गुणवत्ता ९६.९ टक्के. तिघांचा गुणाकार ६८.९. आडवाट घेतली तरी तेच येतं: चांगले ३१० जॉब गुणिले १ मिनिट, भागिले ४५०.

सेइची नाकाजिमांनी टीपीएमची (सगळ्यांनी मिळून मशीनची देखभाल करायच्या पद्धतीची) मांडणी करताना हे माप आणलं ते मशीन नेमकं कशामुळे वेळ खातं हे शोधायला. ८५ टक्के हा जो पवित्र आकडा सगळे सांगतात तो ९०, ९५ आणि ९९.९ यांचा गुणाकार आहे, त्यात चमत्कार काही नाही. दोन वेगळ्या मशिन्सची ओईई शेजारी मांडून कोण हुशार ते ठरवणं हा तर शुद्ध वेडेपणा.

आणि आकडा वाढवायच्या पळवाटा कोणालाही सांगाव्या लागत नाहीत. आदर्श वेळ जरा सैल धरा, 'प्लॅन नव्हता' या रकान्यात अर्धा तास सरकवा, सेटिंग टाळायला एकाच जातीचे जॉब दोन दिवस काढत बसा. शेवटची पळवाट सगळ्यात घातक, कारण त्यात खोटं काहीच लिहिलेलं नसतं. आरंभशूर, तुमच्याकडे टर्निंगच्या बॅच मोठ्या झाल्यात का हो?

आरंभशूर

झाल्यात. दुप्पट.

स्पॅनर

मग १३ टक्क्यांतले निदान अर्धे तिथून आले असणार.

तिसरीपाळी

मी ऑपरेटर आहे. धागाकर्त्यांच्या कारखान्यातला नाही, पण सगळं ओळखीचं वाटलं म्हणून लिहितोय.

माणशी २ काइझेन म्हटल्यावर काय होतं ते आम्हाला विचारा. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात फॉर्म भरायची लगबग. झाडू टांगायला खिळा मारला, एक. डब्यावर लेबल लावलं, दोन. फोटो आधीचा, फोटो नंतरचा. खरी अडचण, म्हणजे फिक्स्चरचा क्लँप घासून गुळगुळीत झालाय आणि जॉब सरकतो, ती कोणी लिहीत नाही. तिला खर्च लागतो, मंजुरी लागते, आणि फॉर्म 'विचाराधीन' होऊन पडला की तो तुमच्या दोनात मोजत नाहीत.

दुसरं, जे मीटिंगमध्ये कोणी तोंडावर बोलणार नाही. माझ्या एका मित्रानं सेटिंगची मस्त युक्ती काढली, प्रत्येक वेळी बराच वेळ वाचायला लागला. पुढच्या महिन्यात त्या मशीनचं टार्गेट वाढलं आणि जोडीचा माणूस दुसरीकडे हलवला. तेव्हापासून त्या लाइनवर कोणालाही युक्ती सुचलेली नाही. सुचतात, पण सुचत नाहीत.

वर्नियर

तिसरीपाळी, +१००.

गुणवत्तेचे गुरू डेमिंग यांच्या १४ मुद्द्यांत आठवा मुद्दा भीती घालवा हा आहे. घोषणा आणि आकड्यांची टार्गेटं काढून टाका हेही त्याच यादीत आहे. भिंतीवर डेमिंगचा फोटो लावून खाली 'शून्य दोष' आणि 'माणशी २' लिहिणारे कारखाने मी पाहिलेत.

फ्रीमाँटचं उदाहरण इथं चपखल आहे. कॅलिफोर्नियातला जनरल मोटर्सचा कारखाना, गैरहजेरी आणि भांडणांसाठी बदनाम, १९८२ मध्ये बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाशी भागीदारीत तो नुम्मी या नावानं पुन्हा सुरू झाला. कामगार बहुतांश तेच आणि युनियनही तीच, तरी थोड्याच काळात गाड्यांचा दर्जा टोयोटाच्या जपानी कारखान्यांच्या तोडीला आला. दोरी ओढून लाइन थांबवायचा हक्क कामगाराला दिला, हे सगळे सांगतात. नोकरीची हमी मात्र कोणी सांगत नाही. १९८८ च्या सुमारास मागणी घसरली तेव्हा माणसं काढली नाहीत, त्यांना प्रशिक्षणात आणि सुधारणेच्या कामात गुंतवलं. दोरी विकत मिळते, तिच्यामागचा भरवसा मिळत नाही. म्हणूनच जनरल मोटर्सलाही तेच आपल्या इतर कारखान्यांत उतरवताना वर्षानुवर्षं घाम फुटला.

पट्टेवाला

सिक्स सिग्मा (आकडेवारीनं दोष कमी करायची पद्धत) ब्लॅक बेल्ट, म्हणजे तिचा प्रशिक्षित तज्ज्ञ, इथं. चर्चा छान आहे, पण 'भरवसा', 'भीती' वगैरे ऐकून जरा अस्वस्थ होतोय. डेटा कुठाय? मोटोरोलानं १९८६ मध्ये बिल स्मिथ यांच्या पुढाकारानं हे सुरू केलं ते मत-मतांतरं बाजूला ठेवण्यासाठीच. आधी व्याख्या, मग मोजमाप, विश्लेषण, सुधारणा, नियंत्रण. ग्राइंडिंगवर रीतसर प्रोजेक्ट घ्या.

रांगेतला

घ्या की. पण दिवसाला ४०० नगांच्या कारखान्यात दहा लाखांत ३.४ दोषांचं ध्येय धरून बसलात तर एक नमुना गोळा व्हायला किती वर्षं लागतील ते मोजा. आणि त्या ३.४ मध्ये सरासरी दीड सिग्मा (सिग्मा म्हणजे विखुरण्याचं माप) सरकण्याचं जे गृहीतक घातलंय त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला.

पट्टेवाला

काढतोच. :)

वर्नियर

त्या भांडणात न पडता कामाचं बोलूया. आरंभशूर, एक पूर्ण पाळी ग्राइंडिंगपाशी उभं राहून फक्त एवढंच टिपा: चाक जॉबला लागलेलं नाही अशी प्रत्येक वेळ, आणि त्याचं कारण. कॉम्प्युटरमधला रिपोर्ट नको. रिपोर्टमध्ये 'इतर' नावाचा एक रकाना असतो आणि निम्मा कारखाना त्यातच राहतो.

आरंभशूर

उभा राहिलो, दोन्ही पाळ्यांना. अंदाज होता की ब्रेकडाउन जास्त असेल. ब्रेकडाउन जवळपास नाहीच! वेळ गेला तो असा, उतरत्या क्रमानं:

सेटिंग बदलल्यावर पहिल्या जॉबच्या मंजुरीची वाट. तपासणीची खोली शेडच्या दुसऱ्या टोकाला आहे, जॉब तिथं न्यायचा आणि रांगेत ठेवायचा. प्रत्यक्ष मोजायला ५ मिनिटं लागतात, वाट पाहण्यात ४० जातात.

मग खुद्द सेटिंग. चाक, ड्रेसर (चाकाला धार लावायचं अवजार), सेंटर (जॉब टोकांनी धरणारा भाग) आणायला ऑपरेटर स्टोअरला जातो, मशीन बंद ठेवून.

तिसरं म्हणजे जेवणाची सुट्टी. सगळे एकदम उठतात, ग्राइंडर पण बंद.

चौथं कळलं नाही म्हणून विचारतो. ऑपरेटर जवळजवळ प्रत्येक जॉब मोजून चाक मायक्रॉनभर आत-बाहेर करतो. तरीही माप इकडून तिकडे उड्या मारतंच.

वर्नियर

चौथ्यापासून सुरू करते, माझा आवडता विषय.

'तरीही' उड्या मारत नाही, त्या ढवळाढवळीमुळेच मारतं. डेमिंग फनेलचा प्रयोग करून दाखवायचे. टेबलावर एक खूण, वर स्थिर धरलेलं फनेल, त्यातून गोटी सोडायची. फनेल न हलवता गोट्या टाकल्या तर त्या खुणेभोवती थोड्या विखुरतात. प्रत्येक गोटी जेवढी चुकली तेवढं फनेल उलट दिशेला सरकवलं, तर विखुरणं कमी होत नाही, वाढतं. तुमचा ऑपरेटर प्रामाणिकपणे नेमकं हेच करतोय. आणि त्याला कोणीतरी शाबासकी देऊन हे शिकवलेलं असणार.

१९२४ मध्ये संख्याशास्त्रज्ञ शुहार्ट यांनी एका पानाच्या टिपणात कंट्रोल चार्टची कल्पना मांडली ती याच प्रश्नासाठी: कधी हात लावायचा आणि कधी लावायचा नाही. दर थोड्या वेळानं सलग ५ जॉब मोजा, सरासरी आणि फरक तक्त्यावर मांडा, बिंदू मर्यादेबाहेर गेला किंवा एकाच बाजूला रेंगाळायला लागला तरच चाकाला हात. ग्राइंडिंगमध्ये चाक झिजतं, त्यामुळे माप हळूहळू एकाच दिशेला सरकणारच. त्या सरकण्याचा वेग तक्त्यावरून कळला की ड्रेसिंग आणि भरपाई ठरलेल्या नगांनंतर करता येते.

त्याआधी गेज तपासा. दोन माणसांनी तेच १० जॉब दोनदा मोजायचे. उत्तरंच जुळली नाहीत तर तक्ता कितीही सुंदर असो, त्यात गेजची थरथर दिसेल, जॉबची नाही.

पहिल्या जॉबचं तर सरळ आहे. ती मोजणी ऑपरेटरच्या हातात द्या. मशीनपाशी एअर गेज (हवेच्या साहाय्यानं माप सांगणारं उपकरण) आणि मास्टर (गेज जुळवायचा नमुना) ठेवा. तपासणी विभाग कुरकुरेल. मी त्याच विभागातली आहे म्हणून सांगते, थोडी कुरकुर होईल, मग सुटल्यासारखं वाटेल.

स्पॅनर

दुसरं-तिसरं माझ्याकडे.

जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो १९५० मध्ये हिरोशिमाच्या तोयो कोग्योत (आजची माझदा) प्रेसची डाय बदलताना बघत होते. एक बोल्ट सापडेना म्हणून कामगार तो शोधत फिरला आणि प्रेस बंदच. तिथून त्यांची विभागणी सुरू झाली: मशीन बंद असतानाच करता येतं ते एक काम, चालू असताना उरकता येतं ते दुसरं. पुढे १९६९ मध्ये टोयोटात १,००० टनी प्रेसची ४ तासांची सेटिंग आधी दीड तासावर आली आणि मग वरून हुकूम आल्यावर ३ मिनिटांवर.

३ मिनिटं ऐकून घाबरू नका. पहिला टप्पा जवळपास फुकट असतो. पुढच्या जॉबचं चाक बॅलन्स करून, ड्रेसर-सेंटर-स्पॅनर एका ट्रॉलीवर मांडून, चालू जॉब संपायच्या आत मशीनपाशी हजर. एवढ्यानंच बराच वेळ सुटतो. नंतर लोकेटर, क्विक क्लँप, अॅडजस्टमेंट करावीच लागणार नाही अशी रचना. लोक उलटं करतात, आधी महागडे हायड्रॉलिक क्लँप घेतात आणि बोल्ट तरीही शोधत असतात.

जेवणाच्या वेळी ग्राइंडर चालू ठेवायचा असेल तर आळीपाळीनं सुट्टी घ्या. पण ऑपरेटरशी बोलून. सुट्टी कापून नाही. आणि रोजची पुसापुशी, तेलाची पातळी, कूलंट एवढं तरी त्या मशीनच्याच माणसाच्या हातात द्या. पुसताना हाताला गळती लागते, सैल नट लागतो. निप्पॉनडेन्सोत १९७१ च्या आधी टीपीएम उभं राहिलं ते याच पायावर. सध्या जिथं ब्रेकडाउन नाही तिथंच प्रतिबंधक देखभाल आधी लावा, कारण आता त्या मशीनला आजारी पडायची परवानगी नाही.

रांगेतला

एक सावधगिरीचा आकडा. ग्राइंडिंग सुटल्यावर साहेब म्हणतील, आता सगळी मशिन्स ९५ टक्के भरा. साध्यातल्या साध्या रांगेच्या गणितात, जिथं माल येण्याची आणि कामाची वेळ दोन्ही अनियमित आहेत, तिथं ८० टक्के भरलेल्या मशीनपुढे एका जॉबला सरासरी कामाच्या वेळेच्या ४ पट थांबावं लागतं. ९० टक्क्यांना ९ पट. ९५ ला १९ पट. तुमचा कारखाना या सूत्राइतका साधा नाही, पण वळण असंच वर चढतं. रिकामं मशीन बघून पोटात दुखणाऱ्या माणसाला हे दाखवा.

तिसरीपाळी

आणि टर्निंगवाल्यांना आधी सांगा. मशीन थांबवलं म्हणजे काम संपलं, आता माणसं कमी होणार, हा पहिला विचार येतो. आमच्या मनात तरी येतो.

आरंभशूर

बऱ्याच काळानं धाग्यावर परत येतोय. मधल्या काळात जे केलं ते लिहितो.

साहेबांना लिटलचा भागाकार दाखवला. ५ दिवसांचा आकडा आणि ग्राहकाचं तक्रारपत्र एकाच कागदावर ठेवलं. ओईईचं टार्गेट फक्त ग्राइंडिंगपुरतं ठेवायला ते तयार झाले. टर्निंगसाठी माप बदललं: ठरलेला जॉब ठरलेल्या दिवशी पुढं गेला की नाही. 'माणशी २' मात्र गेलं नाही, ते वरच्या कार्यालयाचं आहे म्हणे. त्यावर मी फॉर्ममध्ये 'अडचण मांडली' एवढंही मोजायला सुरुवात केलीय, उपाय नसला तरी. क्लँपचे तीन फॉर्म लगेच आले, तिसरीपाळी.

ग्राइंडिंगच्या आधी ट्रॉल्यांच्या जागा आखल्या. जागा भरल्या की मिलिंग आणि टर्निंग थांबतं. थांबलेली टर्निंगची माणसं ग्राइंडिंगची सेटिंगची ट्रॉली लावतात, दोघं ग्राइंडिंग शिकतायत. कोणालाही कमी करणार नाही हे साहेबांच्या तोंडून पाळीच्या मीटिंगमध्ये वदवून घेतलं. पहिले काही दिवस लोक ट्रॉल्या पट्ट्याच्या बाहेर, खांबामागे लपवून ठेवायचे. सवय.

पहिल्या जॉबची मंजुरी आता मशीनपाशीच होते. गेजची तपासणी केली तेव्हा दोनपैकी एक एअर गेज खरोखरच भलतं सांगत होतं. जेवणाची आळीपाळी दुसऱ्या पाळीला जमली, पहिलीला नाही, तिथं ओढाताण चालू आहे.

डिस्पॅच दिवसाला ४६० च्या आसपास. आतला माल ३,७०० वर आला. म्हणजे रांगेतलाच्या नियमानं ८ दिवस. टर्निंगची ओईई ६० वर घसरली आणि तक्त्यावर लाल रंगात दिसते.

आता नवं दुखणं. ग्राइंडिंग मोकळं झाल्यावर कधीकधी त्यालाच माल मिळत नाही. हीट ट्रीटमेंटची भट्टी पूर्ण भरल्याशिवाय लावत नाहीत, आणि वेगवेगळ्या मटेरियलचे जॉब एकत्र चालत नाहीत, त्यामुळे एकेक जात दोन-दोन दिवस भट्टीबाहेर ताटकळते. अर्धी भट्टी लावू म्हटलं तर ऊर्जेचा खर्च दाखवतात. कोणी हाताळलंय का?

स्पॅनर

हाताळलंय. आधी तीन गोष्टी सांगा: भट्टी बॅचची आहे की कंटिन्युअस, एका लोडचं पूर्ण चक्र किती तासांचं, आणि कोणकोणत्या जाती एकाच तापमानाला आणि तेवढ्याच वेळाला चालतात. तिसऱ्याची यादी मेटलर्जीवाल्यांकडून लेखी घ्या. 'चालत नाहीत' असं शॉपवर जे म्हणतात त्यातलं निम्मं कधीतरी एकदा झालेल्या रिजेक्शनवरून ठरलेलं असतं.

वर्नियर

आणि ग्राइंडिंगपुढे ठेवलेल्या ट्रॉल्यांत कुठल्या जातीचे किती नग आहेत तेही टाका. एकूण ट्रॉल्या बरोबर असतील, पण सगळ्या एकाच जातीच्या भरल्या असतील तर ग्राइंडर उपाशीच राहणार.

आरंभशूर

भट्टी बॅचची, चक्र साधारण ९ तासांचं. जातींची यादी मागवलीय, उद्या ट्रॉल्या मोजून टाकतो.